डॅन्यूबकाठी भाड्याच्या सायकलींवर: पासाऊ ते व्हिएन्ना प्रवासाचे नियोजन

करवीरवासी (धागालेखक)

येत्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, माझे थोरले बंधू आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी, जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवरून जाण्याचे ठरवीत आहोत. अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे. अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा हा सर्वांत लोकप्रिय टप्पा आहे. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आणि व्हिएन्ना साधारण १६० मीटरवर असल्याने वाट नदीच्या प्रवाहाबरोबर अगदी हलकी उतरत जाते. ज्यांचे पाय पन्हाळ्याच्या चढावर तयार झाले आहेत त्यांना ती सोपी वाटेल, पण आमच्यातील दोघांनी आजवर रंकाळ्याच्या फेरीपलीकडे सायकल फारशी नेलेली नाही, आणि माझ्या मते अशा प्रवासाचा आराखडा सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाला समोर ठेवूनच आखायला हवा.

स्वतःच्या सायकली न्यायच्या की तेथे भाड्याने घ्यायच्या, यावर घरात बरीच चर्चा झाली. चार सायकली सुट्या करून खोक्यांत भरायच्या, ती खोकी कोल्हापूरहून मुंबईला न्यायची, विमान कंपनीचे वेगळे शुल्क भरायचे, पासाऊला पोहोचल्यावर सायकली जोडायच्या आणि व्हिएन्नात पुन्हा रिकामी खोकी शोधत फिरायचे, हे सगळे आठवडाभराच्या प्रवासासाठी मला पटले नाही. त्यातच बंधूंनी साठी ओलांडली असून त्यांच्या गुडघ्यांचा विचार करता त्यांना विजेची सायकल लागणार आहे. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही आणि विजेच्या सायकलीची बॅटरी साधारणतः ४०० ते ५०० वॅट-तासांची असते, त्यामुळे ती सायकल तेथेच घ्यावी लागेल. मग चारही सायकली भाड्याच्या असाव्यात, असे ठरले.

बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट काढतात, मग हॉटेले ठरवतात आणि सायकल सर्वांत शेवटी पाहतात. मला हा क्रम उलटा करावासा वाटतो. सप्टेंबर हा तेथील ऐन हंगाम आहे. भाड्याच्या दुकानांत मध्यम मापाच्या सायकली भरपूर असतात, परंतु लहान चौकटीच्या आणि दांडा खाली असलेल्या विजेच्या सायकली मोजक्याच असतात आणि त्या लवकर संपतात. पुतणीची उंची जेमतेम पाच फूट आहे. तिला मापाची सायकल मिळाली नाही, तर बाकी सगळे नियोजन कितीही चोख असले तरी तो आठवडा तिच्यासाठी शिक्षाच ठरेल. म्हणून आधी सायकली, नंतर मुक्काम, त्यानंतर व्हिसा आणि तिकिटे, या क्रमाने जायचे मी ठरविले आहे. मार्ग मी असा आखला आहे: पासाऊ, श्लोगेन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न आणि व्हिएन्ना. रोजचे अंतर साधारण ४० ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान येते. सायकली पासाऊला घेऊन व्हिएन्नात परत देण्याची सोय काही दुकाने जादा शुल्क घेऊन करतात, असे दिसते.

गणपतीपूर्वी घरी परतायचे असल्याने तारखा पुढे ढकलता येणार नाहीत. ज्यांनी हा किंवा असा मार्ग केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. विशेषतः सायकलीविषयी येथूनच काय काय ठरवून ठेवता येते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पन्हाळवाट

दादा, आपला क्रम मला पूर्णपणे मान्य आहे. सायकल मागवताना उंची फूट-इंचांत लिहून भागत नाही, सेंटिमीटरमध्ये द्यावी लागते. त्यातही नुसत्या उंचीपेक्षा पायाच्या आतल्या बाजूची लांबी अधिक महत्त्वाची असते, कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत चांगलाच फरक असू शकतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, जाडसर पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. या मापाला ०.८८ ने गुणल्यास, दोन्ही पॅडलचे दांडे ज्या मधल्या आसाभोवती फिरतात त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचा बराच अचूक अंदाज येतो. हा आकडा कागदावर लिहून सोबत न्यावा, म्हणजे दुकानात घाईत असतानाही सीट योग्य जागी बसवता येते.

आता ज्या गोष्टीकडे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी लक्ष देत नाहीत, त्या ब्रेकविषयी लिहितो. आपल्या सायकलींना उजव्या हाताची मूठ दाबली की पुढचा ब्रेक लागतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियात मात्र पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला आणि मागचा उजव्या हाताला असतो. रोजच्या संथ चालवण्यात हा फरक जाणवतही नाही. पण अचानक समोर कोणी आले की विचार करायला वेळ नसतो. आयुष्यभर पक्की झालेली सवय कामाला लागते, आणि मागचा ब्रेक समजून डावा हात घट्ट आवळला तर पुढचे चाक जागच्या जागी थांबते. अशा वेळी ओल्या रस्त्यावर चाक घसरून माणूस आडवा पडू शकतो आणि कोरड्या रस्त्यावर सरळ हँडलवरून पुढे. शिवाय तेथील अनेक भाड्याच्या सायकलींना पॅडल उलटे फिरवून लागणारा मागचा ब्रेक असतो. आपल्याला थांबल्यावर पॅडल मागे फिरवून पाय सोयीस्कर जागी आणण्याची सवय असते. त्या सायकलीवर तसे करता येत नाही, आणि चालत्या सायकलीवर सहज पॅडल मागे घेतले तर ती गचकन थांबते. पुष्कळ दुकाने पॅडलच्या ब्रेकची आणि त्याशिवायची अशा दोन्ही सायकली ठेवतात. मागणी नोंदवतानाच पॅडल-ब्रेक नको असे स्पष्ट लिहावे.

सरावासाठी एक उपाय सुचवतो. केबलवर चालणारे ब्रेक असतील तर येथील सायकल दुरुस्तीच्या दुकानात पुढच्या-मागच्या केबली आपसांत बदलून घेता येतात. निघण्यापूर्वी महिनाभर तशी सायकल चालवली, तर हाताला नवी सवय लागते.

चाकदुरुस्ती

मी हेच काम करतो, म्हणून पन्हाळवाट यांच्या शेवटच्या सूचनेविषयी थोडे वेगळे मत मांडतो. केबली बदलणे अवघड नाही, पण घरात एकच सायकल अनेक जण वापरतात. केबली बदललेली सायकल घेऊन घरातील दुसरा कोणी भाजी आणायला गेला आणि त्याला हे ठाऊक नसेल, तर जो धोका आपण ऑस्ट्रियात टाळू पाहतो तोच येथील रहदारीत ओढवून घेऊ. बदल करायचाच असेल तर त्या सायकलीला दुसऱ्या कोणी हात लावणार नाही याची खात्री करावी आणि परत आल्यावर लगेच पूर्ववत करून घ्यावे. मला त्याहून बरा वाटणारा मार्ग असा, की सायकल ताब्यात घेतल्यावर पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत फक्त थांबण्याचा सराव करावा. संथ चालवत एकदा फक्त डावा ब्रेक हलकेच दाबावा, एकदा फक्त उजवा, नंतर दोन्ही मिळून, आणि हे अंगवळणी पडेपर्यंत वाटेला लागू नये.

भाड्याच्या सायकलीवर सर्वांत जास्त त्रास सीटचा होतो. स्वतःची सीट आणि पॅडल बरोबर नेता येतात. सीटसाठी बहुधा ५ किंवा ६ नंबरची एलन-की लागते आणि पॅडलसाठी १५ नंबरचा पाना. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे, नाहीतर सोडवण्याच्या नादात ते अधिकच आवळले जाते. ही हत्यारे हातातल्या बॅगेत न ठेवता विमानात टाकायच्या सामानात ठेवावीत.

व्हॉल्व्हही पाहून घ्यावा. आपल्या साध्या सायकलींना असतो तसा जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह तेथेही पुष्कळ सायकलींना असतो, काहींना मोटारीसारखा जाड आणि काहींना बारीक, टोकाशी छोटा नट फिरवून उघडायचा. दुकानातून मिळालेला पंप त्याच व्हॉल्व्हवर बसतो की नाही, हे दुकानातच हवा भरून पाहावे. पंक्चर झाल्यावर ते पाहण्यात अर्थ नाही.

लिंझकर

मी मूळची इचलकरंजीची असून काही वर्षांपासून लिंझमध्ये राहते, त्यामुळे हा धागा वाचून फार आनंद झाला. आपण निवडलेली दिशा योग्य आहे. उताराचा फायदा किरकोळच असतो, परंतु येथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि तो पाठीशी असणे मोलाचे ठरते. तरीही एखादा दिवस समोरून वारा येतोच. सपाट वाटेवर समोरचा वारा चढापेक्षाही अधिक थकवतो, कारण चढाला माथा असतो आणि वाऱ्याला नसतो. अशा दिवसासाठी टप्प्यांमध्ये थोडी ढील ठेवावी.

वाट बऱ्याच ठिकाणी दोन्ही काठांनी जाते आणि पूल नसेल तेथे सायकलींसह पलीकडे नेणाऱ्या लहान नावा आहेत. श्लोगेनजवळ नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. तेथील नावा हंगामापुरत्याच चालतात आणि शेवटची फेरी फार उशिरा नसते. आपण पलीकडच्या काठावर मुक्काम ठरवला आणि नाव चुकली, तर पुढच्या पुलापर्यंतचा मोठा वळसा अंधारात घालावा लागेल. म्हणून मुक्काम ठरवतानाच तो कोणत्या काठावर आहे, याची नकाशावर खात्री करून घ्यावी.

लिंझ ते ग्राइन हा आपल्या आराखड्यातील लांब टप्पा आहे आणि त्याच वाटेवर माउटहाउझेन आहे. तेथे १९३८ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती आणि कैद्यांना दगडाच्या खाणीत राबवून मारले जात असे. स्मारक टेकडीवर असल्याने सायकलवाटेपासून बाजूला आणि वर जावे लागते. तेथे घाईत डोकावून पुढे निघणे मला योग्य वाटत नाही. पाहायचे असेल तर तो टप्पा दोन दिवसांत विभागावा. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा भाग त्या मानाने छोटा आहे आणि तो मुद्दाम संथपणे करावा. मेल्कचा बरोक या अलंकृत युरोपीय शैलीतला भव्य मठ, ड्युर्नस्टाइन गावावरचा तो भग्न किल्ला जेथे इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता, आणि डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या द्राक्षबागा, हे सारे एका दिवसात येते. या खोऱ्याला २००० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे.

नियमांविषयी थोडे. ऑस्ट्रियात सायकलवर लहान मुलांनाच हेल्मेट सक्तीचे आहे, पण आपण सर्वांनी ते घालावे आणि मापाचे हेल्मेट घरूनच आणावे. सायकल चालवताना फोन हातात धरणे नियमबाह्य आहे, त्यामुळे नकाशासाठी हँडलवर फोन बसवण्याची पकड आणावी. सायकलवाट संपून आपण रस्त्यावर येतो तेव्हा साधारणतः रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते. उजव्या बाजूने चालण्याची सवय गर्दीत आपोआप लागते, कारण पुढचे सगळे तसेच चाललेले असतात. खरा घोळ रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना होतो. मी पाहुण्यांना नेहमी सांगते की चहापाण्याला थांबल्यावर सायकल रस्त्याच्या उजव्या कडेलाच लावावी, म्हणजे निघतानाही आपण त्याच बाजूला असतो. आरसा मागितलात तर तो डाव्या मुठीला बसवून घ्यावा, कारण वाहने डावीकडून पुढे जातात.

रविवारी येथील बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारीच पाव, फळे, चीज घेऊन ठेवावे.

करवीरवासी

ताई, आपण इतक्या आत्मीयतेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. नावांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो आता आराखड्यात घेतला आहे. प्रवासात श्रावण असणार, त्यामुळे बंधू मांसाहार करणार नाहीत. लहान गावांतील खानावळींत त्यांची सोय होईल का? आणि व्हिसासाठी अर्ज जर्मनीकडे करायचा की ऑस्ट्रियाकडे? आम्ही म्युनिकला उतरणार आहोत.

लिंझकर

सोय होते, परंतु विचारून घ्यावे. चीज घातलेला श्पेट्झले हा शेवयांसारखा पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतो, मात्र काही जण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. चीजच्या गोळ्यांचे सूप शाकाहारी वाटते, पण त्याचे पाणी बहुधा गोमांसाचे असते. बटाट्याचे पदार्थ, सॅलड आणि गोड डम्पलिंग यांवर दिवस निभावतो. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की पावाचाही कंटाळा येत नाही.

व्हिसासाठी अर्ज, जेथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. पासाऊची एखादी रात्र वगळता आपले सगळे मुक्काम ऑस्ट्रियात आहेत, म्हणून उतरलात म्युनिकला तरी अर्ज ऑस्ट्रियाकडेच करावा.

हिशेबवही

व्हिसाच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे लागते. निर्णय साधारणतः १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून शेवटच्या मुदतीच्या भरवशावर राहू नये. बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येकाला केंद्रावर स्वतः जावे लागते. कोल्हापुरात असे केंद्र नसल्याने चौघांची वेळ एकाच दिवशी मिळेल असे पाहावे. ज्यांनी मागच्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले आहेत, त्यांचे जुने ठसे चालू शकतात. अर्जासोबत दिवसागणिक मुक्कामांचा तक्ता आणि सायकलींच्या आरक्षणाची पावती जोडावी. रोज वेगळ्या गावी मुक्काम का आहे, हे त्यावरून अधिकाऱ्याला चटकन कळते.

विम्याची अट नीट वाचावी. वैद्यकीय विमा सायकलवरून पडल्यानंतरचा खर्च देतो का, हे एक. भाड्याच्या सायकलीची चोरी आणि मोडतोड हा वेगळा भाग असून तो दुकानदाराकडून स्वतंत्र घ्यावा लागतो, हे दुसरे. चोरीच्या विम्यात सायकल स्थिर वस्तूला कुलूपबंद असण्याची अट असू शकते, आणि मग नुसते चाकाला लावलेले कुलूप पुरेसे ठरत नाही. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाला एका तळ्याकाठच्या गावातील दुकानाने जुन्याच ओरखड्याचे पैसे अनामत रकमेतून कापून घेतले होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की सायकल ताब्यात घेताना चौकट, दोन्ही चाके, साखळी आणि बॅटरीचे खोबण यांची छायाचित्रे दुकानातच, दुकानदारासमोर काढावीत.

खर्चाचा अंदाज म्हणाल, तर साध्या गिअरच्या सायकलीला दिवसाला साधारण १५ ते २५ युरो आणि विजेच्या सायकलीला ३० ते ४५ युरो धरून चालावे.

उगवतीकडे

मी थोडा वेगळा पर्याय मांडतो. ज्यांना उलट्या रहदारीची आणि उलट्या ब्रेकची धास्ती वाटते, त्यांनी जपानमधील शिमानामी काइदोचा विचार अवश्य करावा. ओनोमिची ते इमाबारी ही सुमारे ७० किलोमीटरची वाट बेटाबेटांवरून आणि समुद्रावरच्या मोठ्या पुलांवरून जाते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, रस्त्याच्या कडेला निळा पट्टा रंगवलेला असल्याने वाट चुकत नाही, आणि वाटेतील वेगवेगळ्या केंद्रांवर भाड्याची सायकल परत देता येते. हात-पाय न दमवता दोन दिवसांत हे होते. मात्र पुलांवर नेणारे वळणदार चढाचे रस्ते आहेत आणि पुलांवर वारा जोरात असतो. सामिष-निरामिषाचा प्रश्न तेथे ऑस्ट्रियापेक्षा कठीण आहे, कारण भाजीच्या पदार्थांतही माशाचे पाणी असते.

पन्हाळवाट

शिमानामी सुंदरच आहे, पण करवीरवासींना आठवडाभराचा, रोज नव्या गावी पोहोचण्याचा प्रवास हवा आहे, आणि दोन दिवसांच्या वाटेसाठी एवढ्या लांब जाणे त्यांच्या हेतूत बसत नाही. तेव्हा पुन्हा डॅन्यूबकडे येतो.

आपल्याला जून ते ऑगस्ट या पावसाळ्यातच सराव करावा लागणार आहे आणि मी ते चांगलेच मानतो. गगनबावड्याकडे त्या दिवसांत जाऊ नये, दृश्यमानता फार कमी असते. त्यापेक्षा नृसिंहवाडीपर्यंतचा सपाट रस्ता निवडावा. एका बाजूचे अंतर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, म्हणजे आपल्या रोजच्या टप्प्याएवढेच आहे. वाडीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत यावे, कारण एका दिवसाचे अंतर बहुतेकांना जमते. दुसऱ्या सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसणे हाच खरा सराव असतो. बॅगा प्रवासात असतील तेवढ्याच वजनाच्या लावाव्यात. ऑस्ट्रियातील सप्टेंबरचा पाऊस आपल्यापेक्षा बराच थंड असतो, म्हणून रेनकोटाखाली घालायचा गरम थर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे मात्र यादीत हवेतच.

आणखी एक, पुराचे. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात आणि २०१३ च्या जूनमध्ये तेथे पाणी १२.८९ मीटरवर गेले होते. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्येही लोअर ऑस्ट्रिया या व्हिएन्नाभोवतालच्या प्रांतात मोठा पूर आला. म्हणून मुक्काम आणि सायकली दोन्ही रद्द करण्याच्या अटी पाहूनच पैसे भरावेत, आणि वाट पाण्याखाली गेली तर कोणत्या स्थानकावरून रेल्वेने पुढे जाता येईल हे आधीच लिहून ठेवावे. सायकलीसाठी रेल्वेचे वेगळे तिकीट लागते आणि लांबच्या गाड्यांत जागा राखून ठेवावी लागते.

करवीरवासी

सर्वांचे म्हणणे नीट वाचून पुढीलप्रमाणे ठरविले आहे. चौघांच्या पायांची मापे काल रात्री घेतली. बंधू आणि मी उंचीने जवळपास सारखे असूनही त्यांचे माप माझ्यापेक्षा चार सेंटिमीटरनी कमी भरले, त्यामुळे आधी एकाच मापाच्या दोन सायकली मागवण्याचा विचार बाजूला ठेवला. मापांसह, पॅडल-ब्रेक नको या स्पष्ट सूचनेसह आणि पुतणीसाठी लहान चौकटीची मागणी करून पासाऊतील दोन दुकानांना आज पत्र पाठविले आहे. दोघांपैकी ज्यांच्याकडे तिच्या मापाची सायकल नक्की मिळेल, त्यांच्याकडूनच चारही घेऊ, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. केबली बदलणार नाही, थांबण्याचा सराव तेथे पोहोचल्यावरच करू आणि त्यासाठी पासाऊत एक दिवस वाढविला आहे. माउटहाउझेनसाठी लिंझच्या पुढचा टप्पा दोन दिवसांत केला आहे. एकूण मुक्काम दोनने वाढले, परंतु विमानाचे तिकीट अजून काढलेले नसल्याने काही बिघडत नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या संध्यामठाजवळून नृसिंहवाडीकडे निघून सोमवारी सकाळी परतायचे ठरले आहे. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी येथे कळवावे, मागच्या बॅगा भरून आणाव्यात, आणि कोणाकडे जादा १५ नंबरचा पाना असल्यास तोही घ्यावा.